राहून गेलेला अर्धा भाग

मी सावर्ड्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. एरवी या वेळेला मी हप्ते, व्याज, बँकेची फाइल, कोकम आगळाच्या बाटलीवर काय काय छापायचं, असंच काहीबाही सांगत असते. आज मात्र टीव्हीबद्दल बोलणार आहे. त्यातही जुन्या मालिका आणि जुनी नाटकं, जी आता सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर पुन्हा बघता येतात. ‘आता गटात बसून टीव्ही बघायचा का?’ असं कुणी विचारेल. हो, बघायचा. का ते सांगते.

मला वाटतं, आपल्यातल्या बऱ्याच जणींनी आयुष्यात एकही मालिका पूर्ण बघितलेली नाही. जरा आठवून बघा. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी अख्खी वाडी एका घरात. मी तेव्हा जन्मलेच नव्हते, पण आमच्या थोरल्या बायका सांगतात ते ऐकून चित्र उभं राहतं. पुरुष खुर्च्यांवर, पोरं जमिनीवर पुढे, म्हातारी माणसं भिंतीला टेकून, आणि बायका? बायका दारात उभ्या. चुलीवर डाळ शिजतेय, भाकऱ्या व्हायच्यात, आलेल्यांना चहा द्यायचाय. मधेच लाइट गेली तर सगळ्यांचंच बघणं राहायचं, पण आपलं तर लाइट असतानाही राहायचं. मग भाकरी थापता थापता आतून विचारायचं, ‘अगो, काय झालं? गेला का राम वनात?’

आमच्या गटात बारा जणी आहेत. गेल्या वर्षी एकीच्या मुलानं मुंबईहून ‘रामायण’चा डीव्हीडीचा संच आणला. महिन्याच्या बैठकीत वही लिहून झाली, बचत जमा झाली, की एक तास बघायचं असं ठरलं. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकी, सत्तरीच्या पुढच्या, पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘कैकेयीचा आवाज माझा पाठ आहे, पण तोंड आज बघतेय.’ सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना. कारण ते सगळ्यांचंच होतं.

२८ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं. सगळा देश घरात बसून बघत होता असं म्हणतात. पण घरात बसून कोण होतं? चाकरमानी गावी आलेले, शाळा बंद, माणसं दुप्पट, दोन वेळचं जेवण, दोन वेळचा चहा. तेव्हाही आपण आतच होतो. म्हणजे तीस वर्षांनी तीच मालिका परत आली आणि आपण परत अर्धीच बघितली.

डीव्हीडी आणि पेन ड्राइव्हची खरी गंमत इथे आहे. ते थांबवता येतं. मागे नेता येतं. दूध उतू जायला आलं तर बटण दाबून उठायचं, परत येऊन तिथूनच पुढे बघायचं. मालिका आपल्यासाठी थांबते. आपल्यासाठी घरात दुसरं काय थांबतं, सांगा बघू?

नीट बसून बघितलं की किती तरी नवीन दिसतं. ‘रामायण’मधली कौसल्या म्हणजे आपल्या जयश्री गडकर. ‘सांगत्ये ऐका’ गाजवलेल्या. आणि दशरथ झालेले बाळ धुरी हे त्यांचे खरोखरचे यजमान. आमच्या गटात हे दोघींनाच माहीत होतं. मंथरा झाल्या होत्या ललिता पवार. त्यांचा तो बारीक झालेला डोळा बघून आपण लहानपणी घाबरायचो. हा डोळा त्यांनी अभिनयासाठी बारीक केलेला नव्हता. १९४२ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड जोरात बसली, चेहऱ्यावर परिणाम झाला आणि डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं करणारी ती तरुण बाई. पण ती घरी बसली नाही. त्याच चेहऱ्यानं तिनं पुढे कित्येक वर्षं खाष्ट सासू रंगवली आणि नाव कमावलं. हे कळल्यावर आमच्या बायकांनी मंथरेचा भाग मागे नेऊन पुन्हा बघितला. या वेळी घाबरायला नाही, काम बघायला.

आता थोडं मागे जाऊ. घरी सिनेमा आणायची पद्धत आपल्या कोकणात आली ती व्हीसीआरनं. गणपतीला मुंबईकर आले की टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचे. खळ्यात ताडपत्री टाकायची, आरती आटोपली की रात्रभर तीन-तीन सिनेमे. जागरणाचं जागरण आणि करमणुकीची करमणूक. १९९१ साली अलका कुबल यांचा ‘माहेरची साडी’ आला. तो तर किती खळ्यांत किती वेळा लागला असेल याची गणती नाही. त्यानंतर व्हीसीडी आल्या आणि त्यांनी एक मोठं काम केलं. त्यांनी नाटक घरात आणलं.

नाटक आपल्याला कुठे बघायला मिळायचं? चिपळूणला नाटक आलं तरी रात्री परत यायला एसटी नाही, आणि बाईनं एकटीनं नाटकाला जायचं म्हणजे घरात वेगळंच नाटक. व्हीसीडी आली आणि मच्छिंद्र कांबळींचं ‘वस्त्रहरण’ पडवीत आलं. मालवणी आपली बोली नव्हे, पण शेजारच्या घरचं बोलणं कळावं तशी कळते. विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ आली. बाप्या माणूस नऊवारी नेसून फुगडी घालतो म्हटल्यावर आपल्याकडच्या बायका लोटपोट. आपल्या नमनात गौळणी होणारे पुरुषच असतात, तेव्हा आपल्याला ते काही नवीन नव्हतं. ‘हसवाफसवी’त दिलीप प्रभावळकर एकटेच सहा भूमिका करतात. ते नाटक आमच्याकडे एक सून आणि तिची सासू मिळून बघतात. दोघींचं एरवी फारसं जमत नाही, पण हसायच्या जागा दोघींच्या एकच आहेत.

आता मुद्द्याचं सांगते. जुनं पुन्हा बघितलं की मालिका तीच असते, पण बघणारी बदललेली असते. ती किती बदलली, हे त्या मालिकेतूनच कळतं.

‘हम लोग’चं उदाहरण घ्या. ७ जुलै १९८४ ला ही मालिका सुरू झाली. मेक्सिको देशात मालिकांमधून लोकांना कुटुंबनियोजन, शिक्षण असे विषय सांगत होते. ते बघून आपल्याकडे ही मालिका करायचं ठरलं. लिहिली मनोहर श्याम जोशींनी, आणि भाग संपला की अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. त्यात भागवंती नावाची आई आहे. नवऱ्याचं दारू पिणं, सासूचं बोलणं, सगळं गिळून घर चालवणारी. करणाऱ्यांचा हेतू असा होता, की तिचे हाल बघून बायकांनी म्हणावं, असं निमूट सोसू नये. पण पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा निघालं भलतंच. कितीतरी लोकांना भागवंती हीच आदर्श बाई वाटली. सोसते म्हणून चांगली.

आम्ही ‘हम लोग’चे मिळाले ते भाग मोबाइल टीव्हीला जोडून बघितले. बघून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, ‘भागवंतीचं काय आवडलं?’ साठीच्या दोघी म्हणाल्या, ‘तिनं घर मोडू दिलं नाही.’ पंचविशीची एक सून म्हणाली, ‘पण काकी, ती मोडली ना.’ यावर अर्धा तास बोलणं चाललं. कुणी जिंकलं नाही. पण सासवा-सुना एका जागी बसून सोसण्याबद्दल बोलल्या, आणि तेही कुणाचं घरचं नाव न घेता. भागवंतीचं नाव घेऊन आपलं बोलता येतं, ही केवढी सोय!

दुसरं उदाहरण ‘रजनी’चं. १९८५ मधली मालिका, बासू चटर्जी दिग्दर्शक, आणि रजनी झाल्या होत्या प्रिया तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. साडी नेसलेली, साधी गृहिणी. पण जिथे लबाडी दिसेल तिथे उभी राहून जाब विचारणार. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर टॅक्सीवाल्यांनी दूरदर्शनवर निदर्शनं केली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. कायदा काही एका मालिकेमुळे होत नाही, पण ‘मी पैसे मोजलेत, मला पूर्ण माल हवा’ हे वाक्य घराघरात न्यायला रजनीनं मदत केली. प्रिया तेंडुलकर २००२ मध्ये गेल्या, पण आजही पोलीस ठाण्यात किंवा बँकेत ठामपणे बोलणाऱ्या बाईला ‘आली मोठी रजनी’ असं जुनी माणसं म्हणतात. टोमणा म्हणून म्हणतात. आपण तो मान समजायचा.

‘रजनी’ बघितल्यावर आमच्याकडे काय झालं, ते ऐका. गॅसचा सिलिंडर लवकर संपतो अशी चौघींची तक्रार होती. मग ठरलं, की पुढचा सिलिंडर घेताना तो तोलून मागायचा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करायची आणि काट्यावर बघायची. तोलून मागणं हा आपला हक्क आहे. पहिल्या दिवशी गाडीवाला म्हणाला, काटा आणला नाही. चौघी म्हणाल्या, थांबतो आम्ही. पुढच्या खेपेला काटा आला. कुणाशी भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. तुम्हालाही कधी वजनात, बिलात, बियाणं-खतात फसवणूक वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा: १९१५. एक-नऊ-एक-पाच.

तिसरं नाव कविता चौधरी यांचं. नाव आठवत नसेल तर चेहरा नक्की आठवेल. सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी, भाजी पारखून घेणारी, पैशाचा हिशेब ठेवणारी. त्याच बाईनं १९८९ मध्ये ‘उडान’ ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकारी झालेल्या कल्याणीचं कामही केलं. गोष्ट सुचली होती स्वतःच्या बहिणीवरून. त्या बहिणीचं नाव कांचन चौधरी भट्टाचार्य. त्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याच्या पोलीस दलाच्या सर्वोच्च पदावर बसलेली देशातली पहिली बाई. कविता चौधरी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेल्या. आमच्या गटातल्या एकीची मुलगी पोलीस भरतीसाठी पहाटे सावर्ड्याच्या रस्त्यावर धावायला जाते. लोक आईला विचारतात, मुलीला कशाला पळवतेस? ‘उडान’चे चार भाग त्या मायलेकींनी मिळून बघितले. आता आईच पहाटे बॅटरी घेऊन सोबत जाते.

आणि माझ्या पिढीची मालिका म्हणजे ‘आभाळमाया’. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी ही मालिका आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी, शिकवणारी, दोन मुलींची आई. तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. मी तेव्हा शाळेत होते. घरात मोठी माणसं सुधाबद्दल वाद घालायची. तेव्हा बहुतेकांचं म्हणणं असायचं, पोरींकडे बघून गप्प बसावं. आज त्याच बायका पुन्हा बघताना म्हणतात, ‘तिचा स्वतःचा पगार होता म्हणून ती मान वर करून राहिली.’ पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला सुधाची साडी दिसली, आज तिचं पासबुक दिसतं. हा फरक बचत गटानं केला असं मी म्हणणार नाही. पण दर महिन्याला स्वतःच्या सहीनं पैसे भरणाऱ्या बाईची नजर वेगळी होते, एवढं मात्र खरं.

त्या दिवशी एक जण, जी एरवी हप्ता भरण्यापुरतीच बोलते, ती पहिल्यांदा स्वतःच्या घरचं बोलली. काय बोलली ते मी इथे सांगणार नाही, ते गटातच राहील. पुढच्या बैठकीत तिनं स्वतःच्या नावाचं खातं उघडायचा फॉर्म मागितला. मैत्रिणींनो, कुणाला घरात त्रास असेल, मारहाण असेल, तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. मालिका बघताना कुणी रडलं तर ‘अगं, गोष्टच आहे ती’ म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा. कधी कधी ती गोष्ट नसते.

आता करायचं कसं, ते थोडक्यात सांगते.

एक, बैठकीचं काम आधी. हिशेब, बचत, कर्जफेड पूर्ण झाल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. वेळ एकच तास. रात्रीचं जेवण आधी शिजवून या, किंवा त्या दिवशी घरच्यांनी वाढून घ्यायचं असं सांगून या. आमच्याकडे दुसरा उपाय जास्त चालला.

दोन, सगळ्या बसून बघायचं. चहा करायला कुणी आत जायचं नाही. चहा हवा तर मालिका थांबवायची आणि सगळ्यांनी मिळून करायचा.

तीन, नंतर तीनच प्रश्न: कोण आवडलं? तेव्हा कोण आवडलं होतं? आणि आपण असतो तर काय केलं असतं? ‘माहेरची साडी’ला हे प्रश्न विचारून बघा. थोरल्या बायका तेव्हाही रडल्या होत्या, आताही रडतील. पोरी विचारतील, ही घर सोडून का जात नाही? थोरल्या सांगतील, जायला जागा कुठे होती? दोघींचं ऐकून घ्या.

चार, घरातल्या जुन्या सीडी आणि कॅसेट टाकून देऊ नका. आपल्या पावसात त्यांना बुरशी धरते. सीडी कडेनं धरायची, मऊ कापडानं मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. कपाटात उभी ठेवायची. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला कितीतरी घरांतल्या लग्नाच्या कॅसेट चिखलात गेल्या. माझ्या नात्यातल्या एका घरी सीडी स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवल्या, त्यातल्या काही चालल्या. कॅसेट मात्र गेल्या. म्हणून लग्नाचं, बारशाचं, वाडीतल्या नमनाचं चित्रण असेल तर ते आताच पेन ड्राइव्हवर घ्या. दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. सुरुवातीच्या काळात दूरदर्शनकडेही टेप महाग म्हणून त्याच टेपवर नवं चित्रण करायचे. जुने कितीतरी कार्यक्रम असे पुसले गेले. आपल्या वाडीचं तरी पुसू देऊ नका.

पाच, सीडी नसतील तर प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचं अॅप सुरू केलंय. त्यात दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत. यूट्यूबवरही दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. घरात मिळून बघायला हरकत नाही. पण पैसे घेऊन, मांडव घालून दाखवायचं असेल तर त्यांची परवानगी लागते, हे ध्यानात ठेवा.

काही जण म्हणतील, कामं पडलीत आणि बायका टीव्ही बघत बसल्या. त्यांना सांगा, इतकी वर्षं आम्ही दारात उभं राहून बघितलं. कुणी थोरली घरात असेल, जिनं आयुष्यभर भाकरी थापता थापता नुसते आवाज ऐकले, तिला या वेळी सगळ्यांत पुढे बसवा. उशी द्या पाठीला. आणि रिमोट तिच्या हातात द्या. थांबवायचं बटण कुठलं ते दाखवून ठेवा.

तुमच्या गटात काय बघितलं आणि काय बोलणं झालं, ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी बोलू काजूगराच्या प्रतवारीबद्दल. पावसाळ्याआधी विमा भरायचा राहिलाय त्यांनी तो या आठवड्यात भरा. काळजी घ्या. नमस्कार.